गराडू पुस्तकात नव्हते

"गराडू कुठे गेले? अरे, आधी सांग, गराडू कुठे गेले!"

आई एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड आपले आपण उलटले. खाली रस्त्यावर एक ई-रिक्शा जागच्या जागी थांबली. आणि आमचा बडा गणपती, ज्याला शेंदराचा चोळा चढवायचा तर पुजाऱ्यांना शिड्या लावून दिवसच्या दिवस लागतात, त्या एवढ्या मोठ्या देवानं सोंड उचलून एक कान झाकला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आमचं घर देवळापासून इतकं जवळ आहे की न पाहताही कळतं.

"कुठले गराडू, आई?"

"बंदरावरचे! तो दुभाष्या पहिल्यांदा बंदरावर जातो, थंडी पडलेली असते आणि कोपऱ्यावर कढई चढलेली असते. गरम गराडू, वरून मसाला, लिंबू. ते तू खाऊन टाकलेस!"

"मी कशाला खाऊ? पुस्तकातच नाहीयेत."

"नीट बघ. पान चिकटलं असेल."

पान चिकटलेलं नव्हतं. पुस्तक नवंकोरं होतं, त्याला अजून खोक्याचा वास येत होता. मी ते उन्हात धरलं, झटकलं, उलटं करून हलवलं. गराडू पडले नाहीत. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो: गराडू म्हणजे जमिनीखाली वाढणारा एक ओबडधोबड कंद. हिवाळ्यात आम्ही तो तळतो, त्यावर मसाला भुरभुरवतो, लिंबू पिळतो, आणि तो खाल्ला की माणूस थंडीला शिव्या द्यायचं विसरतो. असा कंद सातासमुद्रापलीकडच्या बंदरात, तोही इंग्रजी कादंबरीत, कसा काय उगवेल, हा प्रश्न मला साठीला टेकल्यावर पहिल्यांदा पडत होता. आधी कधी पडला नाही, कारण गराडू मलाही आठवत होते. कढईचा आवाजसुद्धा.

आम्ही गच्चीत बसलो होतो. डिसेंबरची दुपार, चटईवर आई, तिच्यासमोर मटारचा ढीग, आणि बाबांच्या लाकडी खुर्चीत मी. आई मटार सोलत होती आणि मी इंग्रजी पान बघून तिला मराठीत सांगत होतो. आईला मराठी येते, हिंदी येते, मालवीत तर ती भाजीवाल्याला रडवते. इंग्रजी मात्र तिनं बाबांवर सोडून दिलं होतं आणि बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ही कादंबरी म्हणजे बाबांचं पुस्तक. लिहिलं दुसऱ्याच कुणीतरी, पण त्या बिचाऱ्याचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही. एका बंदरात एक दुभाष्या असतो. त्याच्या देशाच्या एका अंगाला पूर्व, दुसऱ्या अंगाला पश्चिम आणि हा मधे. सकाळी गोऱ्या कप्तानाचं बोलणं आपल्या माणसांना समजवायचं, दुपारी आपल्या माणसांचं कप्तानाला, आणि घरी आल्यावर स्वतःशी कुठल्या भाषेत बोलायचं ते उमजायचं नाही. अंगात विलायती कोट, पायात गावच्या चपला. घरात एक खुर्ची आणून ठेवतो, पण तिच्यावर बसलं की खाली बसलेल्या वडिलांपेक्षा उंच होतो, म्हणून बसत नाही. मग वरून हुकूम येतो: पश्चिमेला चल, तिथे राहा, तिथला हो. बायको इथेच राहू दे. आणि पुस्तकभर तो विचार करत राहतो, जाऊ की राहू.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी चौथीत असताना, एका हिवाळ्यात, रविवारची जेवणं आटोपली की ते याच खुर्चीत मांडी घालून बसायचे. खुर्चीत मांडी घालून! पाय खाली सोडले तर जमिनीची आठवण येते म्हणायचे. पुस्तक इंग्रजी असायचं आणि तोंडातून मराठी यायची, तीही अस्सल इंदुरी. दुभाष्या कप्तानाला सांगायचा, "अरे भिया, जरा सबर ठेव, बोलून घेऊ दे त्याला." कप्तान चिडला की म्हणायचा, "क्या के रिया है ये?" लंडनमध्ये शिकलेला गोरा कप्तान मालवी बोलतो याचं आम्हाला काडीचं नवल वाटायचं नाही. कप्तानानं आणखी काय बोलायचं?

बाबांना खरं बोललं की अंगावर पित्त उठायचं. लालबागच्या राजवाड्याचं लोखंडी फाटक लंडनच्या राजवाड्याच्या फाटकावरून बेतलंय, असं सगळं शहर सांगतं. बाबा उलट सांगायचे. म्हणे लंडनहून दोन लोहार इथे आले होते, बाबांच्या आजोबांच्या घरी उतरले, फाटकाचं माप घेतलं, जाताना शेवेची पुडी नेली आणि तिकडे जाऊन हुबेहूब फाटक केलं. शेव मात्र त्यांना जमली नाही. मी हे शाळेत सांगितलं. मार खाल्ला. अजूनही सांगतो.

आणि त्याच हिवाळ्यात बाबांना इंग्लंडला जायची संधी चालून आली होती. तिकडे शाळांना मास्तर कमी पडत होते, इकडून नेत होते. दोन वर्षं, मग पुढचं पुढे. बायकोमुलाचं मागाहून बघू. संधी आली आणि पुढच्याच रविवारी बाबांनी ही कादंबरी उघडली. घरात त्यावर बोलणं म्हणून झालं नाही. आई विचारत नव्हती, बाबा सांगत नव्हते. फक्त रविवारी दुभाष्या पुढे सरकायचा. तो बंदराकडे निघाला की आईचा तांदूळ निवडणारा हात थांबायचा. तो घरी परतला की तांदूळ पुन्हा चालू व्हायचे. मला एवढंच कळायचं की त्या हिवाळ्यात आमच्या भातात खडे फार लागले.

शेवटच्या रविवारी दुभाष्या जहाजावर चढला. भोंगा वाजला. बाबांनी पान उलटलं, घसा साफ केला, आणि सांगितलं की तेवढ्यात त्याला कोपऱ्यावरच्या कढईचा वास आला. तो खलाशाला म्हणाला, "भिया, एक प्लेट खाऊन येतो." शिडीवरून उतरला. गराडू इतके गरम होते की फुंकर मारमारून खावे लागले, आणि तोवर जहाज निघून गेलं. दुभाष्यानं जहाजाला हात केला, बोटं चाटली आणि घरी गेला. संपलं. बाबांनी पुस्तक मिटलं.

आई उठून आत गेली. संध्याकाळी बाबांच्या खिचडीत एवढं तूप पडलं की पापडापर्यंत पोचायला त्यांना पोहत जावं लागलं.

बाबा इंग्लंडला गेले नाहीत. लोकांनी विचारलं की सांगायचे, "लालबागचं अस्सल फाटक रोज बघतो, आता तिकडे जाऊन नक्कल कशाला बघू?" फार खोदलं तर म्हणायचे, "पश्चिमेची बायको करून आणलीय, आणखी किती पश्चिम पाहिजे?" आई धारची. धार इंदूरच्या पश्चिमेला. यावर आई म्हणायची, "पुरे झालं हं तुमचं," आणि विषय बदलायची.

पुस्तक पुढे कुणीतरी वाचायला नेलं आणि परत आणलं नाही. मला त्याची गरज नव्हती, मला ते पाठ होतं. जन्मभर मी ही कादंबरी लोकांना सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, रेल्वेत सांगितली, बायकोला पहिल्या भेटीत सांगितली आणि ती हो म्हणाली. आमच्याकडे पुण्यामुंबईचे पाहुणे आले की विचारतात, "तुम्ही मराठी बोलता, पण मधेच असे हिंदीत का घसरता?" आणि इथला शेजारी, ज्याच्या आजोबांच्या आधीपासून आम्ही इथे आहोत, तो विचारतो, "आप लोग तो महाराष्ट्र के हो ना?" अशा वेळी मी दुभाष्या काढतो. बाबांच्या दुभाष्याला एकदा कप्तान विचारतो, "तू नक्की कुणाचा?" तो म्हणतो, "साहेब, पोहे कुणाचे आणि जलेबी कुणाची, हे विचारून कुणी नाश्ता करतं का?" यावर मी नेहमी टाळी घ्यायचो.

आमचा कारखाना सांवेर रोडला, पंपांचा. मी तिथे खरेदीचं काम बघतो. मागच्या वर्षी डिझाइनमध्ये एक मुलगी आली, पुण्याची. हुशार, नाकासमोर चालणारी. "साधारण" हा शब्द तिच्याकडे नाही. मी म्हणालो "पंप हत्तीएवढा आहे" की ती म्हणते, "सर, किती मिलिमीटर?" एकदा डबा खाताना मी पोहे-जलेबीची टाळी घ्यायला हात पुढे केला, आणि तिनं टाळी दिली नाही.

"सर, सॉरी हं, पण ही कादंबरी मी वाचलीय. त्यात असं काही नाहीये."

"तुझी आवृत्ती वेगळी असेल."

"सर, आवृत्तीत जलेबी बदलत नाही."

सगळे हसले. माझ्या हातातला घास खाली पडला, म्हणजे जवळजवळ पडला. मी तिथल्या तिथे मोबाइलवर पुस्तक मागवलं, तिला खोटं पाडायला.

पुस्तक घरी आलं तेव्हा आईनंच खोकं उघडलं. मुखपृष्ठावर जहाज होतं. तिनं ते बराच वेळ हातात धरलं.

"तेच का हे?"

"तेच."

"मला वाचून दाखव. पहिल्यापासून, एक ओळ न सोडता. तो शेवटी जातो की राहतो, ते मला पुस्तकातलं ऐकायचंय. तुझ्या बाबांचं नाही. आणि तुझं तर बिलकुल नाही."

"अगं पण तुला माहीत आहे ना, राहतो."

"मला तुझ्या बाबांनी सांगितलेलं माहीत आहे," आई म्हणाली. "ज्यांनी लंडनच्या लोहारांना शेव खाऊ घातली, त्यांनी."

"मग त्यांनाच विचारायचं होतं कधीतरी."

"विचारून काय? सांगितलं असतं, राणीचा फोन आला होता, नका येऊ म्हणून."

तर असे आम्ही गच्चीत बसू लागलो, दर रविवारी, बाबांसारखे. आणि दुसऱ्याच रविवारी ते गराडू हरवले, आणि आई ओरडली, आणि पापड उलटले.

त्यानंतर मात्र दर रविवारी काहीतरी हरवू लागलं. पोहे-जलेबी नव्हतीच. कप्तान मालवी बोलत नव्हता. बाबांचा दुभाष्या पुढे पुढे खुर्चीवर मांडी घालून बसायचा, हा बसतच नव्हता. त्या जागी पानंच्या पानं तो खिडकीत उभा राहून विचार करत होता की आपण पूर्वेचे शेवटचे की पश्चिमेचे पहिले. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला सांगू. इतकं चांगलं की वाचताना मी दोनदा गप्प झालो, आणि मी गप्प झालो हे ऐकून बायको खालून धावत वर आली, काय झालं बघायला. पण जिथे जिथे मला लहानपणी हसू आलं होतं, तिथे पुस्तकात कोरी जागासुद्धा नव्हती. बाबांनी ते सगळं दोन ओळींच्या मधे उभं राहून केलं होतं.

सगळ्यात मोठी चोरी पकडली आईनं.

"ती बायको बोलत का नाही?" ती म्हणाली. "दुभाष्याची. किती वेळ झाला, नुसती दारात उभी."

"पुस्तकात ती फारशी बोलत नाही, आई."

"असं कसं? तो कडक कॉलर घालून येतो तेव्हा ती म्हणत नाही, 'एवढी आवळलीत तर घास कुठून उतरणार'?"

"नाही."

"आणि वळकटी बांधताना? 'माणूस जातोय तर जाऊ दे, माझी उशी ठेवून जा'?"

मी पान बघितलं. पानावर बायको दारात उभी होती आणि वाऱ्यानं तिची ओढणी हलत होती, एवढंच. मी आईकडे बघितलं. मटारचा दाणा तिच्या बोटात तसाच राहिला होता.

"आई, हे तू म्हणाली होतीस का कधी? बाबांना?"

"उशीचं?" ती म्हणाली. "उशीचं मी म्हणाले होते. शाळेच्या सहलीला निघाले होते तेव्हा. मांडूला."

आणि तिनं तो दाणा भांड्यात टाकायच्या ऐवजी तोंडात टाकला.

आता मला धीर धरवेना. मंगळवारी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, पंपांच्या खोक्यांमागे बसून मी शेवटचं प्रकरण वाचून काढलं. दुभाष्या जहाजावर चढतो. भोंगा वाजतो. वाऱ्याला पाठ करून तो कोटाची कॉलर वर करतो आणि जातो. बंदरावर त्याची बायको उभी असते. घरी येऊन ती त्या खुर्चीवर घडी केलेल्या रजया रचून ठेवते. संपलं. कढई नाही, वास नाही, प्लेट नाही. गेला म्हणजे गेलाच.

माझ्या डोळ्यांपुढे आई आली. एवढी वर्षं तिनं तूप वाढलं ते कशावर? गराडूंवर. आणि आता मी जाऊन सांगायचं, बाई गं, तो कधीच उतरला नव्हता?

रात्रीचं जेवण होताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं वाचा. सासूबाई म्हणाल्यात ना पुस्तकातलं हवंय म्हणून."

"तिला धक्का बसेल."

"तुमच्या घराण्यात खरं ऐकून अजून कुणाला काही झालेलं नाही. कारण कुणी ऐकवलंच नाही."

मी ऐकलं नाही. बाबांनी आईसाठी एक शेवट केला होता आणि त्याची राखण आता माझ्याकडे होती, असं मला वाटलं. तीन दिवस मी मनातल्या मनात तयारी केली. बाबांचा शेवट पुस्तकी मराठीत बसवला. गराडू म्हटलं असतं तर तिनं पकडलं असतं, म्हणून मी भाजलेली मासळी घेतली. बंदर आहे, मासळी असणारच. जहाजाच्या शिडीला ओलं शेवाळ लावलं. दुभाष्याच्या मनात एक लांबलचक विचार घातला, पूर्व-पश्चिमेचा, इतका जड की खुद्द लेखकाला हेवा वाटावा. माझ्या आयुष्यातली सर्वांत प्रामाणिक थाप होती ती.

रविवारी ऊन छान होतं. आईनं मटार घेतले होते, पण सोलत नव्हती. हात मांडीवर. मी पान समोर धरून सांगायला लागलो. जहाज, भोंगा, कॉलर. मग धुरातून मासळीचा वास आला. दुभाष्या थबकला. लांबलचक विचार केला. मग हळूहळू शिडी उतरला आणि त्याच्या मागे जहाज त्याच्याशिवाय निघून गेलं. माझा आवाज भरून आला. मला स्वतःलाच खरं वाटलं. पुस्तक मिटून मी आईकडे बघितलं, तुपाच्या अपेक्षेनं.

"हं," आई म्हणाली. "म्हणजे पुस्तकातच होतं."

आणि ती एकदम लहान दिसायला लागली. शाल अंगाभोवती ओढून घेतली, मटारची पिशवी बांधायला घेतली, आणि गाठ बसेना.

"अगं, राहिला ना तो! गराडू नसतील, पण राहिला!"

"राहिला. बरं झालं."

"मग असा चेहरा का?"

ती गाठीकडे बघत म्हणाली, "पुस्तकातला राहिला म्हणून हे राहिले असतील. बिचारे. पुस्तकातला गेला असता तर हेही गेले असते. मला उगाच वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"वाटायचं, पुस्तकातला गेला असेल. आणि यांनी त्याला उतरवलं असेल."

मी खुर्चीतून उठलो. खरं म्हणजे खुर्चीनंच मला फेकलं. मी गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या आणि मग ओरडलो, "गेला! आई, तो गेला! पुस्तकातला गेला! मासळी माझी आहे! शेवाळ माझं आहे! तो जातो, कॉलर वर करतो आणि जातो, आणि ती खुर्चीवर रजया ठेवते!"

आईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "राहू दे रे. मला बरं वाटावं म्हणून नको बोलू."

"आई, शप्पथ!"

"मघाशीही तू असाच रडवेला झाला होतास."

मी बाबांचा मुलगा होतो, हीच माझी अडचण होती. बायकोला बोलावलं असतं तर आई म्हणाली असती, तू नवऱ्याची बाजू घेणारच. आमच्या अख्ख्या घरात खरं सांगेल अशी एक वस्तू नव्हती. घड्याळसुद्धा पुढे होतं.

तेव्हा मला ती पुण्याची मुलगी आठवली.

"हां, सर?" फोनवर तिचा आवाज आला. "आज रविवार आहे."

"माहीत आहे. ती कादंबरी तुझ्याकडे आहे ना? माझी आई ऐकतेय. शेवटी दुभाष्या जातो की राहतो, तेवढं सांग."

"कोण आहे ही?" आईनं मला विचारलं.

"कारखान्यातली. पुण्याची आहे."

"पुण्याची?" आई सरळ बसली. "मग सांगेल. दे इकडे." तिनं फोन तोंडासमोर, पापडासारखा आडवा धरला. "हॅलो, बेटा. घाई नाही. नीट बघून सांग."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. पानं फडफडली. शेजारच्या गच्चीतला पाण्याचा पंपसुद्धा ऐकायला थांबला होता.

"आजी, जातो तो."

"नक्की?"

"हो. जहाजात बसतो आणि जातो."

"मधे कुठे उतरत नाही? काही खायला वगैरे?"

"खायला?" ती थांबली. ती खरोखर पानं चाळून बघत होती, मला ऐकू येत होतं. "नाही, आजी. या प्रकरणात कुणी काहीच खात नाही."

"परत येतो का?"

"नाही. तिथेच पुस्तक संपतं. शेवट जरा वाईटच आहे, सॉरी."

"सॉरी कशाला, बेटा. छान सांगितलंस. एकदा जेवायला येऊन जा घरी," आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

मग तिनं पुस्तक मागितलं. शेवटचं पान मी काढून दिलं. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती ओळींवरून बोट फिरवत खालपर्यंत आली, जिथे छापील मजकूर संपून पांढरं सुरू होत होतं, तिथे बोट थांबलं.

"इथे आहे का तो गेलेला?"

"थोडं वर. हां, इथे."

"आणि गराडू नाहीत."

"नाहीत."

"अख्ख्या पुस्तकात कुठेच नाहीत?"

"कुठेच नाहीत, आई."

"पण कढई तर त्यांनी पहिल्याच वेळी चढवली होती," ती म्हणाली. "तो बंदरावर पहिल्यांदा गेला तेव्हाच. दुसऱ्याच रविवारी. तेव्हा संक्रांतसुद्धा व्हायची होती."

मी काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसानं काही न बोलणं ही इंदूर शहरात ऐतिहासिक गोष्ट आहे, लालबागच्या फाटकाशेजारी तिची पाटी लावायला हवी. सगळा हिवाळा आई तांदळातले खडे सोडत राहिली, तो दुभाष्या रविवारमागून रविवार बंदराकडे चालत राहिला, आणि खाली उतरायची सोय कोपऱ्यावर, पहिल्यापासून, तेल तापवून तयार होती. आईला हे फक्त कुणी उघड सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यानं आपल्या पद्धतीनं सांगितलं होतं.

बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर आईनं हात ठेवला, उठायला आधार घ्यावा तसा. पण उठली नाही. हात तसाच ठेवून बसली. पश्चिमेला, एरोड्रमच्या अंगाला, एक विमान वर चढत होतं आणि त्याच्या पंखावर उरलंसुरलं ऊन होतं.

"आई," मी शेवटी म्हणालो, "आता?"

"आता काय," ती म्हणाली. "ऊन गेलं. चटई उचल."